मऊ पीव्हीसीचं ‘तेल’: डीओपी पारखण्यापासून पाईप बाहेर पडेपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या अवधानमध्ये सक्शन पाईप, गार्डन पाईप किंवा केबलचा मऊ दाणा बनवणाऱ्या युनिटमध्ये पाऊल टाकलं, की ‘तेल’ हा शब्द पहिल्याच दिवशी कानावर पडतो. हे तेल सरकीचं नाही आणि इंजिनाचंही नाही. ते प्लास्टिसायझर असतं, बहुतेक वेळा डायऑक्टिल थॅलेट, म्हणजे डीओपी. मिक्सरवर किंवा एक्स्ट्रूडरवर (वितळलेला माल साच्यातून ढकलून पाईप काढणारं यंत्र) नव्याने उभ्या राहणाऱ्यांसाठी आणि छोटं युनिट टाकू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. जळगावात प्लास्टिकचं काम होतं म्हणजे सगळीकडे डीओपी लागतो, असं नाही. चटई पॉलिप्रॉपिलीनची असते. ठिबकची नळी पॉलिथिलीनची असते. शेतात गाडायचा कडक पाईप पीव्हीसीचाच असतो, पण त्यात प्लास्टिसायझर अजिबात घालत नाहीत. चुकून गेला तर पाईपची दाब सोसण्याची ताकद जाते. तेल लागतं ते मऊ पीव्हीसीला: सक्शन पाईप, गार्डन पाईप, केबलचं आवरण, रेक्झिन, चपलेचा सोल.

हे तेल नक्की करतं काय

प्लास्टिसायझर म्हणजे न उडणारा सॉल्व्हंट. एवढं पक्कं समजलं, की पुढच्या निम्म्या अडचणींचं कारण आपोआप कळतं. थिनर रंग विरघळवतो आणि उडून जातो. डीओपीही पीव्हीसीत शिरतो, पण तिथेच राहतो, कारण तो सुमारे 385 अंश सेल्सिअसला उकळतो. 1926 मध्ये अमेरिकेत गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन यांनी रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधताना पीव्हीसी अशाच जड सॉल्व्हंटमध्ये तापवला आणि हाती रबरासारखा लवचीक पदार्थ आला. आजचा सगळा मऊ पीव्हीसी त्यातूनच निघाला.

नुसता पीव्हीसी सुमारे 80 अंशांपर्यंत काचेसारखा ताठ असतो, कारण त्याच्या साखळ्या क्लोरीनमुळे एकमेकींना धरून बसतात. डीओपीच्या रेणूचा एस्टरचा भाग या साखळ्यांना चिकटतो आणि त्याच्या लांब तेलकट शेपट्या त्यांना एकमेकींपासून दूर ठेवतात. साखळ्या सरकायला मोकळ्या झाल्या की माल वाकतो. 100 किलो रेझिनला, म्हणजे पीव्हीसीच्या कोऱ्या पावडरीला, 50 किलो डीओपी घातला, की ताठरपणाची हद्द 80 वरून शून्याच्या खाली जाते. तरीही रेझिनचे काही स्फटिकी भाग विरघळत नाहीत आणि गाठीसारखे टिकून राहतात, म्हणून पाईप वितळून सांडत नाही.

तेल साखळ्यांमध्ये शिरतं, पण रासायनिक बंधाने बांधलं जात नाही. म्हणून योग्य वाट मिळाली की ते बाहेरही पडतं. पाईप कडक होणं, तेल सुटणं, शेजारच्या वस्तूला डाग पडणं या सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

ड्रम उतरवताना तपासणी

चांगला डीओपी पाण्यासारखा स्वच्छ, जवळजवळ बिनवासाचा आणि हाताला तेलकट असतो. 20 अंशांना तो पाण्याच्या सुमारे 80 पट घट्ट असतो आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पिवळट झाक किंवा अल्कोहोलसारखा उग्र वास आला, तर माल बाजूला काढा. थॅलिक अनहायड्राइड आणि 2-इथिल हेक्झॅनॉल यांच्यापासून डीओपी बनतो. अल्कोहोल नीट काढून घेतलेलं नसेल, तर तोच वास राहतो आणि डायजवळ, म्हणजे पाईपला आकार देणाऱ्या साच्याजवळ, धूर होतो.

मग हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारी तरंगती काचनळी, टाका. 20 अंशांना घनता 0.983 ते 0.987 यायला हवी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ड्रमातलं तेलच 40 अंशांवर असतं आणि तेव्हा चांगल्या मालाचं वाचन 0.97 च्या आसपास येतं. नवा माणूस इथे फसतो आणि चांगला माल परत पाठवतो. दर अंशाला साधारण 0.00075 चा फरक धरा आणि नोंदवहीत घनतेशेजारी तापमान लिहायची सवय लावा.

भेसळ होते ती बहुधा क्लोरिनेटेड पॅराफिनची, म्हणजे सीपीची. ते स्वस्त असतं आणि जड असतं. 52 टक्के क्लोरीनवाल्याची घनता 1.24 च्या जवळ. डीओपीत 10 टक्के सीपी मिसळलं तर 20 अंशांना घनता 1.005 च्या आसपास जाते, म्हणजे हायड्रोमीटरच ओरडून सांगतो. पण सोबत हलकं खनिज तेल मिसळलं की घनता पुन्हा जागेवर येते. म्हणून तांब्याच्या तारेची तपासणी कराच.

तांब्याची जाड तार घ्या, टोक वळवून लहान फास करा. गॅसच्या निळ्या ज्योतीत ती लाल होईपर्यंत तापवा आणि ज्योतीला कोणताही रंग येईनासा होईपर्यंत धरून ठेवा. तार गार होऊ द्या, तेलात बुडवून थेंब घ्या आणि पुन्हा ज्योतीत न्या. निखळ डीओपी पिवळ्या, काजळी सोडणाऱ्या ज्योतीने जळतो. सीपी असेल, तर तेल जळून गेल्यावर तारेभोवती ठळक हिरवी ज्योत दिसते. एक खबरदारी: रेझिनची पावडर लागलेल्या बोटांनी तारेचं टोक धरलं तरी ज्योत हिरवी होते, कारण पीव्हीसीतही क्लोरीन आहेच. आधी हात धुवा. तपासणी उघड्यावर, ड्रमांपासून लांब करा आणि धूर नाकात घेऊ नका.

याउप्पर शंका उरली, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून आम्लांक (तेलातल्या मोकळ्या आम्लाचं माप) आणि गॅस क्रोमॅटोग्राफी (तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी) करून घ्या. आम्लांक 0.1 च्या वर असेल, तर स्टॅबिलायझर, म्हणजे पीव्हीसीला उष्णतेत जळण्यापासून वाचवणारा घटक, लवकर संपतो आणि माल पिवळा पडतो.

साठवण

ड्रम सावलीत, लाकडी पाटांवर ठेवा आणि झाकण घट्ट लावा. पावसाळ्यात उभ्या ड्रमच्या डोक्यावर पाणी साचतं आणि रात्री ड्रम गार झाला की बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं. त्या शेवटच्या दहा लिटरमधून बनलेल्या पाईपला बुडबुडे येतात आणि बिघाड एक्स्ट्रूडरमध्ये शोधला जातो. ड्रम आडवे ठेवा किंवा किंचित कलते करा.

तेल ओढायला रबरी नळी वापरू नका. डीओपी सॉल्व्हंटच आहे. साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि वॉशर गळू लागतो. स्टीलची लाइन आणि टेफ्लॉनचं गॅस्केट टिकतं. जमिनीवर सांडलेलं तेल साबणाच्या पाण्याने पसरवण्याआधी लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या. त्यावरून पाय घसरून झालेले अपघात यंत्राच्या अपघातांपेक्षा कमी गंभीर नसतात. डीओपीचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटते) 200 अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे तो थिनरसारखा भडकत नाही. तेल प्यायलेला भुसा आणि चिंध्या मात्र चटकन पेटतात. त्यांना वेगळा झाकणाचा पिंप ठेवा.

बॅच: काय आणि किती

सगळं प्रमाण 100 भाग रेझिनवर मोजतात, त्याला पीएचआर म्हणतात. गार्डन पाईपसाठी सुरुवातीला पुढचं प्रमाण धरा. 200 लिटरच्या हायस्पीड मिक्सरला रेझिनच्या 25 किलोच्या दोन गोण्या बसतात:

सस्पेन्शन रेझिन, के-67 (के-आकडा साखळ्यांची लांबी दाखवतो): 50 किलो
डीओपी: 24 किलो
सीपी: 6 किलो
इपॉक्सिडाइज्ड सोयाबीन तेल: 1.5 किलो
कोटेड कॅल्शियम कार्बोनेट: 10 किलो
कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझर: 1.25 किलो
स्टिअरिक ॲसिड: 150 ग्रॅम
रंग: गरजेप्रमाणे, आधी थोड्या डीओपीत घोटून केलेली पेस्ट

एकूण माल 93 किलोच्या आसपास होतो आणि कडकपणा शोअर ए मापावर साधारण 80 येतो. आणखी मऊ हवा असेल तर डीओपी वाढवा, पण एका वेळी 2 पीएचआरने, म्हणजे इथे 1 किलोने, आणि प्रत्येक बदलानंतर नमुन्याची पट्टी दाबून कडकपणा मोजा.

तेल वजनावर घ्या, कॅनवर खूण करून लिटरने नको. जानेवारीत 15 अंशांना 24 किलो डीओपी 24.3 लिटर भरतो. तीच खूण मेमध्ये 45 अंशांना वापरली, तर बॅचमध्ये अर्धा किलो तेल कमी पडतं. ‘उन्हाळ्यात माल कडक येतो’ ही तक्रार अनेकदा एवढ्यावरून सुटते.

सीपीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ते दुय्यम प्लास्टिसायझर आहे. एकट्याने पीव्हीसी विरघळवू शकत नाही, डीओपीच्या आधाराने आत राहतं. पैसे वाचवण्यासाठी डीओपी 15 पीएचआरवर आणून सीपी 40 पीएचआरवर नेलं, की माल गोदामात ठीक दिसतो आणि शेतात मार खातो. गहू-हरभऱ्याला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला शेतकरी डिसेंबरात पहाटे पाईप उलगडतो, पारा 8-10 अंशांवर असतो, आणि सीपीचा पाईप वळणावर तडकतो. तोच पाईप मेमध्ये बांधावर पडून राहिला तर चिकट होतो आणि तपकिरी पडतो, कारण सीपी तापलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. आमच्या मते डीओपीच्या चौथ्या हिश्शापुढे सीपी जाऊ देऊ नये. शेतकरी वर्षातून एकदा पाईप घेतो. तो वर्षभर टिकला पाहिजे.

मिक्सर: ॲमीटरकडे डोळे

1. रेझिन, स्टॅबिलायझर आणि स्टिअरिक ॲसिड टाकून मिक्सर आधी कमी, मग जास्त वेगावर चालवा. घर्षणानेच तापमान वाढत जातं.

2. मिश्रण 75 ते 80 अंशांवर आलं की तेल सोडायला सुरुवात करा. डीओपी, सीपी आणि सोयाबीन तेल एकत्र करून आधीच 60 अंशांपर्यंत गरम केलेलं हवं. गरम तेल पातळ होतं आणि रेझिनच्या छिद्रांत लवकर शिरतं. सगळं एकदम ओतू नका, दोन-तीन मिनिटांत धार लावून सोडा.

3. आता ॲमीटर, म्हणजे मोटरचा विजेचा प्रवाह दाखवणारा मापक, पाहा. तेल पडू लागलं की काटा चढतो, कारण पावडर ओल्या वाळूसारखी जड होते आणि पात्याला धरते. काही मिनिटांत काटा हळूहळू उतरू लागतो. झाकणाच्या नमुना-छिद्रातून चिमूटभर माल काढून कागदावर दाबा. कागदाला तेलाचा डाग पडला, तर रेझिन अजून प्यायचं आहे. डाग पडला नाही आणि पावडर बोटांतून कोरड्या रव्यासारखी सुटली, तर तेल मुरलं. यालाच ड्राय पॉइंट म्हणतात.

4. फिलर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ड्राय पॉइंटनंतरच टाका. ही चूक सर्वांत जास्त होते. कॅल्शियम कार्बोनेट आधी पडलं तर रेझिनच्या वाट्याचं तेल तेच पितं. रेझिनचे काही दाणे उपाशी राहतात आणि पाईपच्या भिंतीत कडक, चकचकीत ठिपके दिसतात. त्यांना फिश आय म्हणतात. दाब आला की पाणी नेमकं तिथूनच झिरपतं.

5. 105 ते 115 अंशांना माल कूलर मिक्सरमध्ये सोडा आणि 45 अंशांपर्यंत गार करा. गरम माल गोणीत भरला तर आतल्या आत तापत राहतो, गठ्ठे होतात आणि मधला भाग पिवळा पडतो. मेमध्ये कूलिंगचं पाणीच 35 अंशांचं असतं. तेव्हा कूलरला जास्त वेळ द्या, पण तापमान गाठल्याशिवाय माल सोडू नका.

वेगवेगळ्या ग्रेडचं रेझिन एकाच बॅचमध्ये मिसळू नका. फिटिंगसाठीच्या के-57 चे दाणे कमी सच्छिद्र असतात आणि तेल सावकाश पितात. के-67 चा ड्राय पॉइंट आला तरी ते अर्धवट राहतात आणि पुन्हा फिश आय.

एक्स्ट्रूडर

हॉपरकडून सुरुवात 140 अंशांनी करा, मग 150, 160 आणि डाय 165 ते 170. कोरड्या पावडरीत तेल नुसतं मुरलेलं असतं. खरं विरघळणं बॅरलमध्ये होतं, त्याला जेलेशन म्हणतात. जेलेशन अपुरं राहिलं तर पाईप दिसायला मऊ, पण ओढला की खडूसारखा तुटतो आणि त्याचा पृष्ठभाग निस्तेज असतो. उपाय म्हणजे मधल्या झोनचं तापमान पाच-पाच अंशांनी वाढवणं. तेल वाढवून हा दोष जात नाही. मेल्ट, म्हणजे वितळलेला माल, 190 च्या वर गेला की उलटा धोका: रंग पिवळा, मग तपकिरी, आणि नाकाला झोंबणारा आम्लाचा वास. असा वास आला की हीटर उतरवा, खिडक्या उघडा, डायसमोर तोंड नेऊ नका.

बुडबुडे दिसले तर बहुधा ओलावा असतो. फिलरची उघडी गोणी आणि ड्रमचा तळ आधी तपासा.

वीज गेली तर बॅरलमधला माल तसाच तापत राहतो. दहा-पंधरा मिनिटांत वीज आली तर स्क्रू अगदी सावकाश सुरू करून आतला माल बाहेर काढा. रंग बदललेला सगळा माल वेगळा ठेवा, ग्राइंडिंगमध्ये घेऊ नका. वीज जास्त वेळ जाणार असेल, तर जनरेटरवर आधी एक्स्ट्रूडर घ्या, मिक्सर नंतर. बॅरलमध्ये जळलेला पीव्हीसी काढायला डाय खोलून अर्धा दिवस जातो.

बाहेर पडलेल्या मालाची परीक्षा

पाईपचा तुकडा दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर वजन द्या आणि 70 अंशांच्या ओव्हनमध्ये 24 तास ठेवा. कागदावर पारदर्शक डाग आला तर तेल सुटतंय: सीपी जास्त आहे, खनिज तेलाची भेसळ आहे किंवा जेलेशन अपुरं आहे. दुसरा तुकडा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी लगेच वाकवा. हिवाळ्याची परीक्षा तिथेच होते. दोन्ही तुकड्यांचं वजन आधी आणि नंतर नोंदवा.

डीओपीचे भाऊबंद, आणि कुणाला कुठे घेऊ नये

डीबीपी, म्हणजे डायब्युटिल थॅलेट, जास्त ताकदीचा सॉल्व्हंट आहे. रेणुभार 278, उकळबिंदू 340. पांढऱ्या लाकडी गोंदात, नायट्रोसेल्युलोज लॅकरमध्ये, छपाईच्या शाईत तो फिल्मला लवचीक ठेवतो. पीव्हीसीत तो पटकन मुरतो, म्हणून मिक्सरवाल्याला मोह होतो. पण तो हळूहळू उडतो. पाईप काही महिन्यांत कडक होतो, आणि याहून वाईट म्हणजे त्याची वाफ रोपांना बाधते. युरोपात डीबीपी असलेल्या मऊ पीव्हीसीच्या पट्ट्यांमुळे काचगृहातल्या रोपांची पानं पांढुरकी पडल्याचं सिद्ध झालं आहे. आपल्या भागात ऊतीसंवर्धित केळीची रोपं बंदिस्त शेडमध्ये वाढतात. तिथे डीबीपीचा पाईप किंवा पट्टी कधीही देऊ नका.

डीईपी, म्हणजे डायइथिल थॅलेट, अगरबत्तीच्या सुगंधात द्रावक म्हणून चालतो. डायमिथिल थॅलेटमध्ये एमईके पेरॉक्साइड विरघळवून फायबरग्लासचा हार्डनर विकतात. तो कोबाल्टच्या प्रवेगकात थेट मिसळला तर स्फोट होऊ शकतो, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या वेळी फायबरग्लासच्या रेझिनमध्ये घाला.

डीओटीपी, म्हणजे डायऑक्टिल टेरेथॅलेट, हा डीओपीचा आयसोमर आहे (तेच अणू, वेगळी रचना), रेणुभार तोच 390, पण तो डीओपीसारखा ऑर्थो-थॅलेट नाही. साधारण 3 ते 5 टक्के जास्त लागतो आणि जेलेशनला थोडं जास्त तापमान मागतो. निर्यातीचा माल, खेळणी किंवा विजेच्या उपकरणांची वायर करायची असेल, तर आता तिकडेच वळा. युरोपात डीओपी प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत आहे. तिथे खेळण्यांत डीओपी, डीबीपी आणि बीबीपी (बेंझिल ब्युटिल थॅलेट) यांची मर्यादा 0.1 टक्का आहे आणि जुलै 2019 पासून विद्युत उपकरणांनाही तीच मर्यादा लागू आहे.

म्हणून मिक्सरवर हातमोजे घाला. नायट्राइलचे चांगले, पीव्हीसीचे नकोत, त्यांत तेल शिरतं. डायवर एक्झॉस्ट लावा. गरोदर महिला कामगाराला मिक्सर आणि डायजवळचं काम देऊ नका.

गिऱ्हाइकालाही एक गोष्ट सांगा. गार्डन पाईपने सरकीचं किंवा शेंगदाण्याचं तेल, दूध उपसू नये. स्निग्ध पदार्थ डीओपीला आपल्यात ओढून घेतात. खाद्यपदार्थांचा पाईप वेगळा असतो, त्याचं रेझिन, तेल आणि स्टॅबिलायझर सगळंच वेगळं. गार्डन पाईपच्या बंडलवर ‘फक्त शेतीच्या पाण्यासाठी’ असं मोठ्या अक्षरांत छापा.

राहिला रिकामा ड्रम. आपल्याकडे निळा किंवा लोखंडी ड्रम दिसला की कुणीतरी पाणी साठवायला मागतो आणि उन्हाळ्यात नाही म्हणणं जड जातं. पण भिंतीला चिकटलेलं तेल साबणाने पूर्ण निघत नाही. रासायनिक ड्रम घातक कचऱ्याच्या नियमात येतात. शेवटचं तेल उलटं करून निथळून घ्या, ड्रमची नोंद ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या व्यावसायिकालाच द्या. तोपर्यंत तो फाटकाबाहेर जाऊ नये म्हणून तळाला दोन भोकं पाडून ठेवा.